सहल कुणाच्या दारात थांबते?



दिवाळीची सुट्टी संपली की जवळजवळ प्रत्येक शाळेत एक ठरलेला प्रश्न येतो. यंदा सहल कुठे? मग ठरलेली उत्तरं येतात. वॉटर पार्क, रिसॉर्ट, एखादा किल्ला, एखादं देवस्थान. मुलं वॉटर पार्कच्या बाजूने हात वर करतात, पालक "सुरक्षित जागा निवडा" म्हणतात आणि आपण शिक्षक परवानग्यांचे कागद गोळा करायला लागतो. सहल होते, फोटो निघतात, वहीत "आमची सहल" हा निबंध लिहून होतो. संपलं.

माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत मी अशा बऱ्याच सहली नेल्या. त्यात वाईट काही नाही. मुलांना पाण्यात खेळायला मिळालं तर बिघडलं कुठे? पण काही वर्षांपूर्वी एका सहलीत एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. तेव्हापासून सहलीचं ठिकाण ठरवताना माझा हात जरा थांबतो. आज त्याबद्दल लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. शाळेची सहल हा समाज बदलण्याचा एक छोटा पण खरा मार्ग होऊ शकतो. अट एकच, सहल गावात जावी आणि गावाच्या अटीवर जावी.

"बाई, ते आपल्याकडे आले तर?"

ती सहल पालघर भागातल्या एका रिसॉर्टवर होती. पॅकेजमध्ये "आदिवासी नृत्य" होतं. जेवणानंतर भर दुपारी, दीडच्या सुमाराला, वारली पाड्यावरची दहा-बारा माणसं आली. एका आजोबांच्या हातात तारपा होता. भाताची सुगी झाली की वारली पाड्यांवर तारप्याभोवती फेर धरून रात्र रात्र नाचतात. तो नाच आम्ही सिमेंटच्या फरशीवर दहा मिनिटांत उरकायला लावला. मुलं मोबाइल काढून उभी होती. काही जण हसत होती. नाच संपला, व्यवस्थापकाने टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि ती माणसं मागच्या दाराने निघून गेली. त्यांना किती पैसे मिळाले ते मी विचारलं नाही. त्यांना जेवायला वाढलं का, तेही विचारलं नाही.

बसमध्ये सातवीतली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाई, ते लोक आपल्या शाळेत आले तर आपण पण त्यांना नाचून दाखवायचं का?"

मी काहीतरी उत्तर दिलं. बहुतेक "अगं, ती त्यांची कला आहे" असंच काही. पण प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चुकीचं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. तिथे पाहुणे आम्ही होतो, पण यजमान ते नव्हते. यजमान रिसॉर्टचा मालक होता. ज्यांची जमीन, ज्यांचं गाणं, ज्यांचं वाद्य, त्यांना त्यांच्याच भागात मागच्या दाराने यावं लागत होतं.

समुदायकेंद्री पर्यटन हा शब्द मोठा वाटतो. पण त्याचा अर्थ या एका प्रसंगावरून सांगता येतो. गाव यजमान असणं, म्हणजे समुदायकेंद्री पर्यटन. किती पाहुणे यायचे, कधी यायचे, काय दाखवायचं, काय दाखवायचं नाही, दर काय आणि पैसे कोणाच्या हातात, हे गावाने ठरवायचं. बाकी "गावरान जेवण" आणि "मातीच्या भिंती" तर शहराबाहेरच्या ढाब्यावरही मिळतात.

वेळासची टोपली

त्यानंतर काही वर्षांनी मी आठवीची मुलं घेऊन वेळासला गेले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या जवळचं हे समुद्रकाठचं गाव. नाना फडणवीसांच्या घराण्याचं गाव म्हणून इतिहासाच्या शिक्षकांना ते माहीत असेल. आता मात्र ते कासवांचं गाव म्हणून ओळखलं जातं.

ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूवर येतात, मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू सारखी करतात आणि परत समुद्रात जातात. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी ही अंडी. पूर्वी ती माणसं खणून न्यायची, खायची किंवा विकायची. उरलेल्यांवर कोल्हे-कुत्रे ताव मारायचे. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. पण रात्री दोन वाजता किनाऱ्यावर कायदा कुठून असणार?

चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्याच माणसांना बरोबर घेतलं. घरटी शोधायची, अंडी जपून उचलायची, किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात ठेवायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, ती समुद्राकडे सोडायची. अंडी शोधायची नजर गावात होतीच. ती नजर आता राखणीला लागली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे यायला लागले. गावात हॉटेलं नव्हती, म्हणून पाहुणे घरात उतरले. माझ्या मते वेळासचं खरं नशीब हेच, की तिथे हॉटेलं नव्हती!

मुलांना वाटलं होतं, गेल्या गेल्या कासवं दिसणार. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. घरट्यावर झाकलेली टोपली गावातल्या दादांनी उचलली. खाली नुसती वाळू. एकही पिल्लू नाही. मुलांचे चेहरे पडले. एक जण म्हणाला, "मग पैसे परत मिळणार का?" दादा हसले आणि म्हणाले, "अरे बाबा, कासव काय आमचं नोकर आहे का? त्याला वाटेल तेव्हा येईल."

पुस्तकातल्या पर्यावरणाच्या धड्यात हे वाक्य नाही. असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा गेलो. टोपली उचलली, तर खाली सात पिल्लं. दोरीच्या मागे बसायचं, फ्लॅश मारायचा नाही, हात लावायचा नाही, दोरी ओलांडायची नाही. आमची मुलं, जी वर्गात पाच मिनिटं गप्प बसत नाहीत, ती पंचवीस मिनिटं वाळूत मांडी घालून बसली होती. पिल्लांना उचलून पाण्यात का सोडत नाहीत, असं एकीने विचारलं. पिल्लांनी स्वतःच्या पायांनी वाळू तुडवत जायचं असतं, मोठेपणी मादीला अंडी घालायला याच भागात परत यायचं असतं, असं दादांनी सांगितलं. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीला उपग्रहाचा टॅग लावला होता, तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग लावलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. अंडी उबतात त्या वाळूच्या उष्णतेवर नर की मादी हे ठरतं, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, हेही तिथे कळलं. माझा विज्ञानाचा तास होता तो. शिकवत होते गावातले दादा. त्यांचं शिक्षण किती ते मी विचारलं नाही आणि मुलांनाही विचारावंसं वाटलं नाही.

खरा प्रश्न जेवणाचा निघाला

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगू की नको असा बरेच दिवस विचार केला. पण ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

सहलीच्या आधी पालकसभा झाली. मुलं हॉटेलात नाही, गावातल्या घरांत राहतील, तिथेच जेवतील, असं मी सांगितलं. सुरक्षिततेचे प्रश्न आले. मुली कुठे झोपणार, शिक्षिका कुठे असणार, दवाखाना किती लांब. हे प्रश्न यायलाच हवेत, मी तयारी करून गेले होते. सभा संपल्यावर एक पालक मागे थांबले.

"मॅडम, मुलं कोणाच्या घरी जेवणार?"

"गाव जी घरं देईल तिथे. स्वच्छता वगैरे आपण आधी जाऊन बघणार आहोत."

"तसं नाही. कोणाच्या म्हणजे... तुम्ही समजून घ्या ना, मॅडम."

मी समजून घेतलं. आपण सगळेच असा प्रश्न समजून घेतो आणि म्हणूनच तो जिवंत राहतो.

मी म्हटलं, "यजमानांची जात मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. घरांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून मुलं वाटणार आहोत."

ते काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलाचं संमतीपत्र शेवटच्या दिवशी आलं. दुसऱ्या एका मुलीचं आलंच नाही. तिच्या घरी काय कारण होतं, ते मला आजही माहीत नाही, आणि नसेलही तसं काही. पण ती मुलगी आली नाही याची बोच माझ्या मनात आहे. नियम ठरवताना त्याची किंमत एखाद्या मुलाला मोजावी लागते, हे मला नाकारता येत नाही.

यावर विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. हॉटेलात जेवताना आतमध्ये कोणी रांधलं, हे आपण विचारत नाही. तिथे पैसे मोजले की प्रश्न मिटतो. घरात जेवायचं म्हटलं की तोच प्रश्न ओठांवर येतो. कारण हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो, घरात आपण पाहुणे असतो, आणि पाहुणा म्हणजे नातं. म्हणून मला वाटतं की समुदायकेंद्री पर्यटनातली समाज बदलण्याची ताकद समुद्रकिनाऱ्यापेक्षा घराच्या ओटीवर, पंगतीत जास्त आहे. शहरातलं मूल एका अनोळखी घरात मांडी घालून बसतं, काकू वाढतात, "अजून एक मोदक घे रे, लाजू नको" म्हणतात, आणि सकाळी निघताना ते मूल त्यांच्या पाया पडतं. समतेचा जो धडा आपण फळ्यावर लिहून देतो, तो इथे पोटातून शिकला जातो.

याच मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. परतीच्या वाटेवर आम्ही तिथे थांबलो. नंतर जरा वाट वाकडी करून महाडला चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तहान लागली होती म्हणून नाही, माणूस म्हणून हक्क होता म्हणून. तळ्याच्या पायऱ्यांवर मी मुलांना एवढंच विचारलं, "काल तुम्ही कोणाच्या घरी पाणी प्यायलात?" मुलांनी घरांची नावं सांगितली. काकूंची, आजींची. कोणाची जात कोणीच सांगितली नाही, कारण कोणाला माहीतच नव्हती. मी पुढे काही बोलले नाही. तेवढं पुरेसं होतं.

पैसा कुठे मुरतो?

आता जरा रोख व्यवहाराकडे येऊ. भावनेवर गाव चालत नाही.

परत आल्यावर आम्ही गणिताच्या तासाला सहलीचा जमाखर्च मांडला. तुम्हीही मांडून बघा. समजा एका मुलाच्या राहण्याजेवणाचे ६०० रुपये आणि मुलं ४०. झाले २४,००० रुपये. वॉटर पार्कला गेलो असतो तर ते एका मालकाच्या खात्यात जमा झाले असते. तिथले कामगार, त्यांचा पगार, यातलं आपल्याला काही दिसत नाही. तेच पैसे ८ घरांत ५-५ मुलं अशी वाटली तर प्रत्येक घराला ३,००० रुपये मिळतात. आता पुढचा प्रश्न मुलांना विचारा. या ३,००० मधले तांदूळ कोणाच्या शेतातले? नारळ कोणाच्या बागेतला? मासे कोणी दिले? भांडी घासायला कोण आलं होतं, तिला किती मिळाले? गॅस आणि बिस्किटांचे पैसे गावाबाहेर गेले, ते वजा करा. गावात किती उरले?

हा प्रश्न केरळमधल्या कुमारकोमने फार आधी विचारला. वेंबनाड सरोवराच्या काठावर मोठी हॉटेलं उभी राहिली, पाहुणे आले, पण गावकऱ्यांच्या हाती काही लागेना. उलट शेतं गेली, तळ्यावर जायच्या वाटा अडल्या. वाद झाले. मग २००८ च्या सुमाराला राज्य सरकारने तिथे जबाबदार पर्यटनाचा उपक्रम सुरू केला. ग्रामपंचायत, हॉटेलवाले आणि कुटुंबश्रीच्या महिला एका टेबलाशी बसल्या. कुटुंबश्री म्हणजे १९९८ मध्ये सुरू झालेली, केरळमधल्या बायकांची राज्यभर पसरलेली बचत गटांची चळवळ. ठरलं असं, की हॉटेलांनी भाजी, अंडी, नारळ, मासे जमेल तेवढे गावातूनच घ्यायचे. बायकांनी पडीक जमिनीवर भाजी लावली. कमळाची फुलं, विणलेल्या चटया, गावातून फिरवून आणणाऱ्या फेऱ्या, सगळं हळूहळू जोडलं गेलं. २०१४ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा युलिसिस पुरस्कार मिळाला आणि २०१७ मध्ये केरळने संपूर्ण राज्यासाठी जबाबदार पर्यटन मिशन उभं केलं.

यातून मी एक गोष्ट शिकले. पर्यटन आलं की गावाचं भलं आपोआप होत नाही. कोणीतरी बसून वाटणी ठरवावी लागते.

माझी शंका मीच मांडते

"गावात सहल न्या" असं सांगणं सोपं आहे. पण काही अडचणी मला खरंच सतावतात आणि त्या लपवून मत मांडणं बरोबर नाही.

पहिली अडचण. घरात पाहुणे ठेवायचे तर घर मोठं हवं, स्वच्छ संडास-बाथरूम हवं, वर एक-दोन खोल्या हव्यात. मग ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनाच आणखी मिळणार. गावाच्या कडेला दोन खोल्यांत राहणाऱ्या भूमिहीन कुटुंबाचं काय? कोळीवाड्याचं काय? "गावाला फायदा झाला" असं आपण म्हणतो, तेव्हा गाव म्हणजे नक्की कोणती घरं, हे विचारायलाच हवं.

याचं एक उत्तर मला सिंधुदुर्गात दिसलं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवन सफर चालवतात. होडी त्याच वल्हवतात आणि कांदळवनाच्या जाती, मुळं, पक्षी, सगळं त्याच सांगतात. यासाठी माडीचं घर लागत नाही. खाडी ओळखता यावी लागते, आणि ती त्यांना जन्मापासून ओळखीची आहे. म्हणजे पर्यटनात राहणं-जेवण एवढंच धरलं तर वाटणी वाकडी होते. वाट दाखवणं, होडी, भाजीपाला, गोष्ट सांगणं, किनाऱ्याची राखण, ही कामं धरली तर आणखी हात त्यात येतात. पाहुण्यांची पाळी लावणं आणि प्रत्येक पाहुण्यामागे थोडी रक्कम गावाच्या सामाईक निधीत टाकणं, हेही करता येतं.

दुसरी अडचण बायकांच्या कामाची. पाहुणे आले की पहाटे चारला चूल कोणाची पेटते? काकूंचीच. शेत, गुरं, पोरं, सासू-सासरे हे सगळं तसंच असतं, वर वीस माणसांचा स्वयंपाक. तिच्या हाताच्या चवीला दाम मिळतो ही मोठी गोष्ट आहे. आजवर तेच काम फुकटात धरलं जात होतं. पण तो दाम तिच्या खात्यात जमा होतो का? नसेल तर बदल काहीच नाही, फक्त कष्ट वाढले. म्हणून आता मी सहलीचे पैसे देताना स्पष्ट विचारते, "काकू, तुमच्या नावावर खातं आहे ना?" सुरुवातीला मला संकोच वाटायचा. आता वाटत नाही.

तिसरी अडचण आपलीच. आपण गर्दी करतो. भंडारदरा परिसरात पावसाळ्याच्या तोंडावर काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर लाखो दिवे लागल्यासारखं दिसतं. हा काजव्यांच्या मीलनाचा काळ. ते एकमेकांना प्रकाशानेच शोधतात. आणि आपण तिथे गाड्यांच्या रांगा लावतो, हेडलाइट चालू ठेवतो, झाडाखाली टॉर्च मारून रील काढतो. त्याच अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत गावकरी पाहुण्यांना आपल्या घरात ठेवतात, बरोबर घेऊन अंधारात चालत नेतात. काजवा एकच, जिल्हा एकच. फरक कुठे पडतो? दिवा विझवायला सांगायचा अधिकार कोणाकडे आहे, तिथे. गावाकडे तो अधिकार असेल तर काजवा टिकतो. नसेल तर दोन-चार हंगामांत पैसेही जातात आणि काजवेही.

शाळा काय करू शकते?

कोणी म्हणेल, हे सगळं सरकारचं आणि संस्थांचं काम, शाळेचा काय संबंध? संबंध आहे. शाळा दरवर्षी जाणारं गिऱ्हाईक आहे. एकगठ्ठा चाळीस पाहुणे, तेही आधी कळवून, गोंधळ न घालणारे (निदान तशी अपेक्षा!) आणि शिकायला येणारे. असे पाहुणे गावाला हवेच असतात. शिवाय आजची आठवीतली मुलं दहा वर्षांनी स्वतःच्या पैशाने फिरायला जाणार आहेत. किनाऱ्यावर जीप घालायची की दोरीमागे बसायचं, हे त्यांनी शाळेच्या सहलीत शिकलेलं असेल.

लांब जायला जमत नसेल तर जवळ बघा. साताऱ्याकडच्या शाळांना भिलार आहे. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. घरं, देऊळ, शाळा अशा २५ ठिकाणी सुरुवातीला सुमारे १५ हजार मराठी पुस्तकं ठेवली गेली. वेल्समधलं हे-ऑन-वाय हे गाव पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, त्यावरून ही कल्पना आली. पण भिलारमध्ये आपण दुकानात जात नाही, कोणाच्या तरी पडवीत बसून वाचतो. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या घरात बसून कवितासंग्रह वाचणं मुलांना आवडतं. स्वतः नेऊन बघा. तेही नसेल जमत तर आपल्या तालुक्यातला एखादा कुंभारवाडा, एखादं पाणलोटाचं काम केलेलं गाव, एखादं कृषी पर्यटन केंद्र. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचं धोरणही केलं आहे.

मी आता सहल ठरवताना काही गोष्टी पाळते. तुमच्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

सहलीआधी:
१. शिक्षकांनी एकदा स्वतः जाऊन गावाशी बोलायचं. मधला माणूस असेल तर त्याला विचारायचं, यातले किती पैसे गावात राहतात?
२. "आम्ही काय बघू शकतो" याच्याबरोबरच "आम्ही काय करू नये" हे गावाला विचारायचं आणि ती यादी वर्गात लावायची.
३. घरं चिठ्ठ्या टाकून. अपवाद फक्त आजारपणाचा आणि पथ्याचा.
४. नाच, गाणं, ओवाळणं यांची मागणी आपण करायची नाही. गावाने बोलावलं तर जायचं, आणि शक्य असेल तर फेरात सामील व्हायचं.

सहलीत:
५. फोटोआधी नाव विचारायचं आणि परवानगीही. नुसतं "तिथल्या एक आजी" असं वहीत लिहायचं नाही.
६. आपली ताटं आपण घासायची. मुलग्यांनी सुद्धा!
७. आपला कचरा आपल्या बसमध्ये परत.

सहलीनंतर:
८. जमाखर्च मुलांनी मांडायचा आणि पालकसभेत वाचायचा.
९. यजमान घराला पत्र लिहायचं. मराठीच्या पत्रलेखनाचा याहून चांगला सराव मला माहीत नाही. खऱ्या माणसाला लिहिलेल्या पत्रात मुलं मायना विसरत नाहीत.
१०. त्या गावातल्या मुलांना आपल्या शाळेत बोलवायचं. आपल्या घरांत ठेवायचं.

यातली दहावी गोष्ट सगळ्यात अवघड. आम्ही ती अजून केलेली नाही. मागच्या पालकसभेत विषय काढला तेव्हा "बघू", "परीक्षा आहेत", "घर लहान आहे" अशी उत्तरं आली. गावातल्या लोकांचं घरही लहानच होतं, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बसमधल्या त्या मुलीचा प्रश्न तिथेच आहे. ते आपल्याकडे आले तर? आपण नुसतं त्यांच्या ओटीवर बसून मोदक खाऊन आलो आणि आपली ओटी बंद ठेवली, तर ते पर्यटन झालं, बदल अर्धाच झाला.

पण अर्धा का होईना, तो झाला हे मी पाहिलं आहे. शेवटच्या दिवशी ज्याचं संमतीपत्र आलं होतं, त्या मुलाच्या निबंधात कासवांवर दोनच ओळी होत्या. बाकी पानभर त्याने लिहिलं होतं, काकूंच्या घरी विहिरीचं पाणी कसं शेंदतात, घावणे कसे करतात, काकूंचा मुलगा मुंबईला कुठे कामाला आहे आणि काकूंनी निघताना त्याच्या आईसाठी कोकमं कशी बांधून दिली. ती कोकमं त्याच्या घरी पोचली. त्यांची सोलकढी झाली का, हे मी विचारलं नाही. पण यंदाच्या पालकसभेत तेच वडील पुढच्या रांगेत बसले होते आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, या वर्षी कोणत्या गावाला?"

यंदा तुमच्या शाळेची सहल कुठे जाणार आहे? पत्रक अजून छापलं नसेल, तर एकदा सगळे मिळून बोला. सहल कुणाच्या दारात थांबणार आणि ते दार पुढचं आहे की मागचं, एवढं विचारून घ्या.